सेल्फ ‘टक्’ म्हणतो, पण गाडी सुरू होत नाही
वाचकांचे प्रश्न : वाहन आणि देखभाल

चावी फिरवली की बोनेटखालून ‘टक्’ असा आवाज येतो, पण इंजिन फिरत नाही, अशी तक्रार करणारी पत्रे या सदराकडे इतकी आली आहेत की या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रे वाचताना एक गोष्ट मनाला लागली. बहुतेकांनी पत्र लिहिण्याआधीच बॅटरी किंवा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर, तर काहींनी दोन्ही बदलून घेतले होते. मात्र चावी फिरवलेल्या क्षणी व्होल्टेज किती उतरते, हे एकाच्याही गाडीवर कोणी मोजून पाहिलेले नव्हते. त्यासाठी दोन माणसे, व्होल्टेज मोजणारा एक साधा मल्टिमीटर आणि पाच मिनिटे एवढेच लागते. खालच्या उत्तरांत त्या मोजमापावर मी मुद्दाम भर दिला आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी सात वर्षांची असून बॅटरी चार वर्षांची आहे. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गाडीने एकदाही त्रास दिला नाही, पण डिसेंबरात थंडी पडल्यापासून सकाळी चावी फिरवली की भराभर ‘कट-कट-कट’ असा आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात. शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावली की लगेच सुरू होते. दोन दिवस उभी राहिली तर हमखास बंद पडते. हॉर्न मात्र व्यवस्थित वाजतो. दिवाळीत डॅशकॅमेरा बसवला, त्याखेरीज काही नवीन केलेले नाही. गॅरेजमध्ये बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बदलायला सांगितले आहे. काय करावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सेल्फ बदलण्याची घाई आपण करू नये. आपण वर्णन केलेला आवाज सेल्फ निकामी झाल्याचा नाही; सेल्फला पुरेसा विद्युतप्रवाह मिळत नसल्याचा तो आवाज आहे, आणि तो कसा निर्माण होतो हे समजले की पुढची तपासणी आपली आपल्यालाच सुचेल.

स्टार्टर मोटरच्या अंगावर जो लहान दंडगोल दिसतो, तो सोलेनॉइड. चावी फिरवली की त्यातील चुंबक आतला दांडा खेचून घेतो. त्या दांड्याचे एक टोक स्टार्टरचे दातेरी चाक इंजिनाच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, दात्यांत अडकवते आणि दुसऱ्या टोकावरची तांब्याची चकती दोन जाड संपर्कबिंदूंना जोडून बॅटरीचा सगळा प्रवाह मोटरमध्ये सोडते. छोट्या पेट्रोल गाडीत हा प्रवाह साधारण १०० ते २०० अँपिअर असतो. बॅटरी उतरलेली असेल, तर सोलेनॉइडला लागणारे थोडे अँपिअर ती कशीबशी देते, दांडा ओढला जातो, ‘टक्’ असा आवाज होतो. पण मोटरने प्रवाह मागताक्षणी व्होल्टेज इतके कोसळते की चुंबकाला दांडा धरून ठेवता येत नाही. स्प्रिंग दांड्याला मागे ढकलते, मोटरचा प्रवाह तुटतो, त्यामुळे व्होल्टेज पुन्हा वर येते, पुन्हा दांडा ओढला जातो. हे चक्र सेकंदात अनेक वेळा फिरते आणि आपल्याला ‘कट-कट-कट’ ऐकू येते. म्हणजे सोलेनॉइड आपले काम नीट करत आहे.

हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरी ठीक आहे, हा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी अनेकांनी चांगले सेल्फ भंगारात दिले आहेत. हेडलाइटचा ५५ वॅटचा एक बल्ब जेमतेम साडेचार अँपिअर घेतो आणि हॉर्नचेही तसेच. हंडाभर पाणी उरलेल्या टाकीतून पेला भरून घेता येतो, पण त्या पाण्यावर मळा भिजत नाही.

आता थंडीविषयी. बॅटरी थंडीने बिघडली असे आपल्याला वाटते, पण तिचे खरे नुकसान मे महिन्यात झालेले असते. तापमान दर १० अंशांनी वाढले की बॅटरीतील रासायनिक झीज ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते, आणि नागपूरच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बोनेटखाली तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असते. पाणी उडते, आतल्या प्लेटी झिजतात. मात्र उन्हाळ्यात इंजिनाचे तेल पातळ असल्यामुळे अशक्त झालेली बॅटरीही ते फिरवू शकते. डिसेंबरात तेल दाट होते, बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि उन्हाळ्यापासून दडून राहिलेला दोष पहिल्या थंड सकाळी उघडा पडतो.

तपासणी या क्रमाने करावी. आदल्या रात्रीच बोनेट उघडून नुसते टेकवून ठेवावे, म्हणजे सकाळी दार उघडून गाडीतले दिवे लागण्याआधी मापन घेता येईल. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून त्याची टोके बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवावीत. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी उतरली आहे आणि १२ च्या खाली असेल तर गाडी सुरू न होण्याचे कारण समोरच आहे. त्यानंतर घरातल्या कोणाला तरी चावी फिरवायला सांगून आकडा किती उतरतो ते पाहावे. नागपूरच्या थंडीतही चांगल्या बॅटरीचा आकडा या वेळी साडेनऊच्या वर राहायला हवा. लगेच हेच मापन खुंट्यांऐवजी त्यांच्यावर आवळलेल्या क्लँपवर घ्यावे. खुंटीवर १२ आणि क्लँपवर ७ असा फरक दिसला, तर बॅटरी चांगली असून बिघाड खुंटी आणि क्लँप यांच्यामधल्या पांढऱ्या-हिरव्या थरात आहे. हा थर कधीकधी बाहेरून दिसतही नाही, म्हणून क्लँप काढूनच पाहावा. काढताना आधी निगेटिव्ह आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम मोडू नये, कारण पॉझिटिव्हवरचा पाना निसटून गाडीच्या पत्र्याला लागला तर तो लाल होईपर्यंत तापतो. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्या पाण्याने थर धुवावा, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. खुंटी आणि क्लँप पॉलिश पेपरने चकचकीत करावेत, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावावे. क्लँप हाताने पिळून हलत असेल तर तो आवळलेला नाही असेच समजावे.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा गरजेप्रमाणे मधूनमधून कमी करतो, त्यामुळे तो क्षणभर खाली दिसला तर घाबरू नये. पण हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर तो १३ च्या खाली जाऊन तिथेच राहत असेल तर चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा ऑल्टरनेटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास डायनामो म्हणतात तो, दाखवून घ्यावा. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून डायनामो तपासण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून वापरली जाते. आपल्या गाडीवर ती कोणालाही करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळून गाडीचा संगणक जळू शकतो.

आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला तपशील म्हणजे डॅशकॅमेरा. बंद गाडी स्वतःच्या घड्याळासाठी आणि संगणकासाठी साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेते. त्या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ३५ अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी दोनतीन आठवडे सहज टिकते. कॅमेरा जर चावीशी न जोडता कायम चालू असलेल्या तारेला जोडला असेल आणि तो ३०० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला ७ अँपिअर-तासांहून अधिक खर्च होतो. चार उन्हाळे काढलेल्या बॅटरीला दोन दिवसांत बसवायला एवढे पुरते. मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागी लावून, निगेटिव्ह खुंटी आणि तिची काढलेली वायर यांच्यामध्ये जोडावा, सर्व दारे बंद करून अर्धा तास थांबावे आणि मग आकडा पाहावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये. आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल तिथे चोर सापडला.

तेव्हा आधी कॅमेऱ्याची जोडणी तपासावी. मग बॅटरी चार्जिंगच्या दुकानात रात्रभर मंद गतीने, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आसपास, चार्ज करून घ्यावी. चारपाच किलोमीटरच्या रोजच्या फेरीत इतकी उतरलेली बॅटरी भरत नाही. चार्ज झाल्यावर काही तास तशीच ठेवून लोड टेस्ट, म्हणजे मोठा भार टाकून बॅटरीची तपासणी, करून घ्यावी. त्यात ती नापास झाली तर बॅटरी बदला, पण सेल्फला हात लावू देऊ नका.

प्रश्न : माझी डिझेल गाडी नऊ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी नवी बॅटरी टाकली. तरीही चावी फिरवल्यावर एकच जोरात ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढे काही होत नाही. हेडलाइट मंद होत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला गाडी सुरू होते. मेकॅनिक स्टार्टरवर पान्याने ठोकतो, तेव्हाही सुरू होते. पूर्ण सेल्फ असेंब्ली बदलावी लागेल असे तो म्हणतो. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपण हेडलाइट मंद होत नसल्याचे कळवले हे फार उपयोगाचे झाले. ‘टक्’ झाल्यावर दिवे विझल्यासारखे मंद होत असतील तर मोटर प्रवाह ओढते आहे, पण बॅटरीत दम नाही किंवा इंजिन अडकले आहे. दिवे तसेच लख्ख राहत असतील तर मोटरपर्यंत प्रवाह पोहोचतच नाही. आपली गाडी दुसऱ्या प्रकारात आहे. प्रवाह कोठे अडतो आहे याच्या तीन शक्यता आहेत : बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची जाड वायर, इंजिनापासून बॅटरीपर्यंत परतीचा मार्ग, म्हणजे अर्थिंग, किंवा खुद्द स्टार्टरचे आतले भाग. मेकॅनिकने थेट तिसरी शक्यता धरली. ती खरी असू शकते, पण पहिल्या दोन तपासायला काही खोलावे लागत नाही, म्हणून त्या आधी.

समुद्रकिनाऱ्यावरच्या गाड्यांत मी अर्थिंगवर सर्वांत आधी संशय घेतो, आणि याला माझ्या स्वतःच्या गाडीचा अनुभव कारणीभूत आहे. काही वर्षांपूर्वी माझी गाडी कोकणात असताना अगदी आपल्यासारखीच वागू लागली. एका गॅरेजने स्टार्टर बदलून दिला, मी पैसे दिले, आठवडाभराने पुन्हा तेच. शेवटी मी स्वतः खाली वाकून इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी हातात घेतली. दिसायला ती अखंड होती. तिच्या टोकावरचे रबराचे टोपण मागे सरकवले, तेव्हा आतून मोरचुदासारखी हिरवी भुकटी बोटांवर आली आणि पट्टी किंचित वाकवताच तारा एकेक करून तुटू लागल्या. शंभरेक तारांपैकी पाचसहाच धड होत्या. हेडलाइटचा प्रवाह दुसऱ्या वाटेने परत जात होता, म्हणून दिवे लख्ख. सेल्फच्या प्रवाहाला मात्र त्या पाचसहा तारांखेरीज धड वाट नव्हती. नवी पट्टी स्टार्टरच्या किमतीच्या मानाने नगण्य पैशांत आली. पत्र्यावरचा रंग खरवडून, चकचकीत धातूवर ती आवळली आणि गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. खारी हवा तांब्याला आतून खाते आणि बाहेरून काही कळू देत नाही, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनात पक्की बसली आहे.

वायर चांगली आहे हे सिद्ध करण्यासाठी मेकॅनिक मल्टिमीटर ‘बीप’ करून दाखवतात. त्यावर विसंबू नये. समजा जोडात ०.०२ ओहम इतका अवरोध आहे. साध्या मीटरला तो दिसणारही नाही, मीटर खुशाल ‘बीप’ म्हणेल. पण २०० अँपिअर जाऊ पाहतात, तेव्हा त्याच ०.०२ ओहमवर ४ व्होल्ट खर्च होतात आणि स्टार्टरच्या वाट्याला आठच्या आसपास उरतात. म्हणून वायर चालू प्रवाहातच तपासली पाहिजे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून चावी फिरवायला सांगावी. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थिंग गेले आहे. तसेच पॉझिटिव्ह खुंटी आणि स्टार्टरवर जिथे जाड वायर आवळली आहे तो बोल्ट यांच्यामध्ये मोजावे. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. मात्र ‘टक्’ होऊनही मोटर प्रवाहच घेत नसेल, तर दोन्हीकडे शून्याजवळचा आकडा येईल आणि स्टार्टरच्या बोल्टवर बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज दिसेल. तसे झाले तर वायरिंग निर्दोष आहे आणि दोष स्टार्टरच्या आत आहे हे नक्की.

मीटर नसेल तर याहून सोपा उपाय आहे. काळ्या जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे थेट इंजिनाच्या जाड लोखंडी भागाला लावावे, फिरणाऱ्या पट्ट्यांपासून केबल दूर ठेवावी आणि सेल्फ मारावा. गाडी लगेच उचलली तर आपला बिघाड अर्थिंगच्या पट्टीत सापडला.

आता ठोकल्यावर गाडी का सुरू होते ते पाहू. मोटरमध्ये फिरत्या आरमेचरला प्रवाह देणारे कार्बन झिजून आखूड झाले की त्यांची स्प्रिंग त्यांना नीट दाबू शकत नाही, किंवा ते आपल्या खाचेत अडकतात. ठोकल्याने ते हलून क्षणभर टेकतात. सोलेनॉइडमधील तांब्याच्या चकतीवर ठिणग्यांनी काळे खड्डे पडले असतील, तरी असेच होते. प्रत्येक वेळी चकती थोडी वेगळ्या जागी टेकते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला चांगली जागा मिळते. दोन्हींपैकी काहीही असले तरी ठोकण्यावर फार दिवस निभणार नाही. पण त्यासाठी पूर्ण असेंब्ली बदलण्याची गरज बहुधा नसते. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन कार्बन, संपर्कबिंदू आणि बुश बदलून तोच स्टार्टर अनेक वर्षे चालेल असा करून देतो. जुने भाग मागून घ्यावेत आणि कार्बन किती उरले होते ते डोळ्यांनी पाहावे. स्टार्टर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीच पाहिजे, कारण त्याच्या जाड वायरला बहुतेक गाड्यांत मध्ये फ्यूज नसतो.

एक विनंती. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसला, तेव्हापासून या यंत्राची सगळी रचना एकाच तत्त्वावर आहे : मोटरने काही क्षणच काम करायचे असल्याने लहानशा मोटरवर प्रचंड भार टाकता येतो. केटरिंग यांनी त्याआधी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राला अशीच क्षणभर चालणारी मोटर बसवली होती, तीच कल्पना त्यांनी इथे वापरली. तो क्षण लांबवला की मोटर आतून भाजते.

प्रश्न : माझ्या ऑटोमॅटिक गाडीत बटण दाबल्यावर स्टिअरिंगच्या खालून अगदी बारीक ‘टिक’ ऐकू येते. बोनेटखालून काहीच आवाज नाही. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हा आवाज सेल्फचा नसून रिलेचा, म्हणजे सेल्फकडे प्रवाह सोडणाऱ्या विजेच्या लहान स्विचचा आहे; अर्थात सेल्फला सुरू होण्याचा निरोपच पोहोचलेला नाही. ब्रेक घट्ट दाबून, गिअर ‘पी’ (पार्क) ऐवजी ‘एन’ (न्यूट्रल) मध्ये घेऊन पाहावे. त्यात गाडी सुरू झाली तर गिअरची जागा ओळखणारा स्विच बिघडला आहे. फ्यूजच्या पेटीत सेल्फच्या रिलेसारखाच, त्याच क्रमांकाचा दुसरा रिले बहुधा असतो. तो अदलाबदल करून पाहणे हा एक मिनिटाचा प्रयोग आहे. एवढ्याने न उमगल्यास सोलेनॉइडच्या बारीक वायरवर, कोणीतरी बटण दाबलेले असताना, व्होल्टेज येते का हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. क्लचच्या गाड्यांतही पेडलखालच्या स्विचमुळे असेच घडते.

प्रश्न : २०२१ च्या जुलैतील पुरात आमची एक गाडी गेली. या पावसाळ्यात अंगणात पुन्हा पाणी शिरले आणि दुसरी गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर दोन दिवस उन्हात वाळवली. बॅटरी दुसरी लावून चावी फिरवली तर एकदाच ‘ठक्’ झाले आणि इंजिन जागचे हलले नाही. ओळखीचे लोक धक्का मारून सुरू करायला सांगतात. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : धक्का मारू नका, पुन्हा चावीही फिरवू नका. हे वाक्य मी उत्तराच्या सुरुवातीलाच लिहितो आहे, कारण यापुढचा एक चुकीचा प्रयत्न आपल्याला पूर्ण इंजिनाची किंमत मोजायला लावू शकतो.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळून थांबतो; आपण ऐकलेला ‘ठक्’ बहुधा तोच. सेल्फच्या जोराने इंजिन थांबले एवढ्यावर निभावले, तर ते नशीबच म्हणायचे. धक्का मारून, गिअर टाकून गाडीच्या सगळ्या वजनाने इंजिन फिरवले तर पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तसा वाकलेला रॉड पुढे कधीतरी इंजिनाचे कवच फोडून बाहेर येतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअर फिल्टर उघडून तो ओला आहे का ते पाहा. ओला असेल तर शंका उरत नाही. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून मगच, क्रँकच्या पुलीवर पाना लावून, इंजिन हाताने हळूहळू फिरवायचे असते. भोकांतून पाणी बाहेर पडेल. तेलाची कांडी काढून पाहा. तेल दुधाळ चहाच्या रंगाचे झाले असेल तर तेल आणि फिल्टर बदलल्याशिवाय, आणि चालवून पुन्हा एकदा बदलल्याशिवाय, पुढे जाऊ नये. हाताने दोन पूर्ण फेरे सहज झाले तरच सेल्फची पाळी. स्टार्टरमध्ये गाळ बसलेला असणारच, तोही उघडून धुऊन, वाळवून घ्यावा.

विम्याबद्दल एवढे लक्षात ठेवावे की पुराच्या पाण्याने झालेले नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येते, पण पाणी शिरल्यानंतर गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनाचे झालेले नुकसान विमा कंपन्या सहसा नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते. म्हणून पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे आणि गाडी स्वतः चालवते. केबल लावताना शेजाऱ्यांच्या बॅटरीचे झाकण मोठा आवाज होऊन उडाले, तेव्हापासून मला त्याची भीती वाटते. योग्य पद्धत सांगाल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपली भीती रास्त आहे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, आणि हवेत तो अवघा ४ टक्के असला तरी ठिणगीने भडका उडतो. ठिणगी पडतेच ती केबलचे शेवटचे टोक जोडताना, म्हणून ते टोक बॅटरीपासून दूर जोडायचे, हेच साऱ्या पद्धतीचे मर्म आहे.

दोन्ही गाड्या एकमेकींना न चिकटता उभ्या कराव्यात, दोन्हींच्या चाव्या बंद असाव्यात. लाल केबल आधी आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग दुसऱ्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल दुसऱ्या गाडीच्या निगेटिव्हला आणि तिचे शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या रंग नसलेल्या जाड धातूला. आपल्या बॅटरीच्या निगेटिव्हला ते लावण्याचा मोह टाळावा. मग दुसरी गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटे चालू ठेवावी आणि नंतर आपली सुरू करावी. काढताना नेमका उलटा क्रम घ्यावा. चेहरा बॅटरीवर झुकवू नये, चष्मा घालावा, हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे. केबल जाड घ्यावी. बाजारातल्या स्वस्त, बारीक केबली गरम होतात आणि तरीही नुसता ‘टक्’ आवाजच येत राहतो, त्यामुळे बिघाड दुसरीकडे असल्याचा भ्रम होतो.

प्रश्न : आम्ही विनिपेगला राहतो. उणे ३० अंशांत दोन दिवस बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीतून फक्त एक मंद ‘टक्’ येते. केबल लावू का? (एक वाचक, कॅनडा)

उत्तर : आधी बॅटरी गोठलेली नाही याची खात्री करा. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्लमिश्रित पाणी उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील पाणी उणे १० अंशांच्या आसपासच गोठू लागते. बाजू फुगलेल्या असतील, कवचाला तडा असेल किंवा झाकणातून बर्फ दिसत असेल, तर तिला केबल किंवा चार्जर काहीही लावू नका. फुटण्याचा धोका खरा आहे. ती काढून गॅरेजमध्ये वा तळघरात, हवा खेळती असलेल्या जागी, एक-दोन दिवस नुसती ठेवा. वितळल्यावर तडा दिसला किंवा पाणी झिरपू लागले तर ती बाद समजा. धड असेल तर मंद गतीने चार्ज करून लोड टेस्टला द्या. गोठलेली नसेल, तर सातारच्या बाईंना सांगितलेला क्रम आपल्याला जसाच्या तसा लागू आहे, फक्त दुसरी गाडी पंधरा मिनिटे चालू ठेवा. इंजिन गरम करणारा विजेचा ब्लॉक हीटर तिथल्या गाड्यांत बहुधा असतोच. सेल्फ मारण्याआधी त्याची वायर तीन-चार तास लावून ठेवली, तर इंजिन सैल होऊन अर्धा भार बॅटरीवरून उतरतो.